पुढून खाली घेतलेली पद्मिनी गतिरोधकावर आपटते : कारणे, मोजमापे आणि उपाय

प्रीमियर पद्मिनी मोटार पुढून थोडी खाली घेतली, म्हणजे तिची पुढची उंची कमी केली, उभी असताना ती फार देखणी दिसते, पण दांडिया बाजारातून रावपुऱ्यापर्यंत जाताना प्रत्येक गतिरोधकावर पुढून दणका बसतो, अशी तक्रार बडोद्यात जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या मराठी मंडळींकडून वारंवार ऐकू येते. त्यावर बहुतेक वेळा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले जातात, चार दिवस बरे जातात आणि दणका परत येतो. मग कोणी आणखी कडक शॉक सुचवतो, कोणी स्प्रिंगचे अजून अर्धे वेटोळे कापायला सांगतो, आणि ज्या गाडीतून आजी-आजोबांना पावागढला न्यायचे, तिच्या पुढच्या सीटवर बसणेही नकोसे होऊन जाते. दोष दुरुस्त होण्यासारखा आहे. फक्त तो जिथे आहे तिथे शोधला पाहिजे, आणि त्यासाठी पान्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी लागते.

आधी नाक खरोखर वर आहे का, हे पाहावे

पद्मिनीला पुढे वेटोळ्यांच्या स्प्रिंग आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. वर्षानुवर्षांच्या भाराने मागचे पाटे बसले, की गाडीचे बूड खाली जाते आणि नाक वर उचलल्यासारखे दिसते. अशा गाडीच्या पुढच्या स्प्रिंग कापणे म्हणजे निरोगी बाजूला आजारी बाजूच्या बरोबरीला आणणे होय. म्हणून पहिले मोजमाप मागच्या बाजूचे घ्यावे. सपाट फरशीवर गाडी उभी करून, चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरून, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. जमिनीपासून मोजले तर टायरची झीज आणि हवेचा दाब हिशेबात घुसतात. चाकाच्या मध्यापासून मोजले तर फक्त सस्पेन्शनचीच स्थिती कळते. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नये. टायर आडवे सरकू न शकल्यामुळे ती काही काळ खोटी उंच राहते, तिला दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलून मग पट्टी लावावी.

नाक वर दिसण्यामागची दुसरी शक्यता परक्या स्प्रिंगची आहे. जुन्या बाजारातून आणलेली जोडी कोणत्या गाडीची आणि कोणत्या कामासाठी वळलेली होती, हे कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी रंग खरवडून तारेची जाडी व्हर्नियरने मोजावी, कारण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सारे सारखे असताना १२ मिमीऐवजी १२.५ मिमी तार असेल, तर स्प्रिंग सुमारे १८ टक्के अधिक कडक होते. नुसत्या डोळ्यांना हा अर्धा मिलिमीटर दिसत नाही. अशी जोडी कापून गाडी खाली येईलही, पण मऊ कधीच होणार नाही.

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, त्यात ज्या गाड्या उभ्या राहिल्या त्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. स्प्रिंग ज्या पत्र्याच्या ताटात बसते त्यात गाळ साचतो, पाणी निघून जाण्याचे भोक बुजते आणि ताट आतून गंजते. गाडी एका बाजूने आपोआप खाली येऊ लागली असेल, तर हे ताट टोकदार हत्याराने टोचून पाहिल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

दणका कुठून येतो

गाडी खाली घेतली की ती कडक होणारच, असे सर्रास मानले जाते. हे अर्धेच खरे आहे. प्रत्येक चाकाला उभ्या स्थितीपासून वर जाण्यासाठी ठरावीक अंतर मिळते, त्याला इथे वरचा पल्ला म्हणू. पल्ला संपतो तिथे बंप स्टॉपचा रबरी गुटका असतो. स्प्रिंग लहान करून गाडी जितकी खाली घ्यावी, तितका वरचा पल्ला तंतोतंत कमी होतो. कारण बॉडी खाली आली, पण गुटक्याची जागा बॉडीच्या हिशेबात तिथेच राहिली. चाक गुटक्याला टेकले की स्प्रिंगचे राज्य संपते आणि रबराचे सुरू होते, आणि टणक रबर फारसे दबत नाही. पाठीला जो दणका जाणवतो तो बहुतेक वेळा या क्षणाचा असतो.

अ‍ॅम्बॅसॅडरकडे पाहिले तर हे लख्ख कळते. तिला पुढे वेटोळी नसून लांब टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे, असतात. बार फिरवून बसवला की गाडी खाली येते, आणि बार तोच राहिल्यामुळे त्याचा कडकपणा जराही बदलत नाही. तरीही बेसुमार खाली घेतलेली अ‍ॅम्बॅसॅडर तितकीच आपटते. तिथे कापलेल्या वेटोळ्याला दोष देण्याची सोयच नाही, दोष संपलेल्या पल्ल्याचाच आहे.

पल्ला किती उरला हे पाहण्याची एक स्वस्त आणि खात्रीची रीत आहे. गणपतीसाठी आणलेली शाडूची माती घरात उरलेली असतेच. तिची लिंबाएवढी गोळी दोन्ही बाजूंच्या गुटक्यांच्या टोकावर चिकटवावी आणि गाडी नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या माणसांसह, नेहमीच्या वेगाने फिरवून आणावी. आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीत फत्तेगंजपर्यंत जाऊन येईतो डाव्या गुटक्यावरच्या शाडूचा जेमतेम दोन मिलिमीटरचा पापुद्रा उरला होता आणि त्यावर आर्मच्या (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या हाताच्या) पत्र्यावरची वेल्डिंगची रेघसुद्धा उमटली होती. उजवीकडची गोळी मात्र अर्धीअधिक शिल्लक होती. गाडी दोन्ही बाजूंनी आपटते अशी त्यांची समजूत होती. स्प्रिंग उतरवल्यावर दिसले की डावीकडचे कापलेले टोक ताटातल्या खाचेत बसलेलेच नव्हते, ते खाचेच्या कडेवर तिरके चढले होते. शॉक बदलून हा दोष कधीही गेला नसता.

आवाजही बरेच सांगतो. गुटक्यावर आदळताना दबका 'धप्प' येतो. शॉकचा दांडा आतल्या आत तळाला लागला, तर कोरडा 'टण्' येतो आणि तो स्टीअरिंगपेक्षा पायाखाली जास्त जाणवतो. हळू वेगात, सोसायटीच्या फाटकातून वळताना येणारी कुरकुर सांध्यांतल्या रबरी बुशची असते, तिचा उंचीशी संबंध असला तरी दणक्याशी नसतो.

गतिरोधकाचेही मोजमाप इथे सांगायला हवे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल माथ्याचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २.३४ मीटर आहे. पुढचे चाक माथ्याच्या पलीकडे आणि मागचे अलीकडे सारख्या अंतरावर आले, की माथा चाकांच्या टेकण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम ४ सेंटिमीटर वर राहतो. अशा गतिरोधकाला थोडी खाली घेतलेली गाडी सहज पुरी पडते. पण सोसायट्यांनी स्वतः घातलेले अरुंद, उभट डांबराचे उंचवटे दोन चाकांच्या मधोमध पूर्ण १० सेंटिमीटर खाऊन टाकतात, आणि त्यावर चढताना चाकाला मिळणारा धक्काही अनेक पटींनी तीव्र असतो. आपल्या रोजच्या वाटेवर कोणते उंचवटे आहेत, यावर गाडी किती खाली घ्यायची ते ठरवावे. बडोद्याच्या गल्ल्यांतून रोज फिरणाऱ्या गाडीला माझ्या मते २० ते २५ मिमी पुरे. त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर आरामातून वजा होतो.

स्प्रिंग : कापावी, तापवावी की नवी वळून घ्यावी

तापवण्याचा विचारच करू नये. गॅसच्या ज्वाळेने वेटोळी लाल करून गाडी खाली बसवण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी चालते. उष्णतेने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, मात्र पोलादाला दिलेले पाणी उतरते, ताण सोसण्याची ताकद घटते आणि स्प्रिंग महिनोन्महिने बसतच राहते. दोन्ही बाजू सारख्या बसत नाहीत. अशी स्प्रिंग एखाद्या खड्ड्यात तुटूही शकते, आणि ती पुढच्या चाकाची स्प्रिंग आहे हे विसरता कामा नये.

कापण्याबाबत लोक सर्वात जास्त चुकतात ते अंतरात. गाडी आपल्या पायावर उभी असताना दोन शेजारच्या वेटोळ्यांच्या मध्यांमधले अंतर मोजावे. एक वेटोळे कापल्यावर स्प्रिंग तेवढीच खाली येते. पण स्प्रिंग चाकावर बसलेली नसते, ती खालच्या आर्मच्या मधल्या भागावर बसलेली असते. आर्मच्या आतल्या खिळीपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचे अंतर समजा १६० मिमी भरले आणि बाहेरच्या सांध्यापर्यंतचे ३०० मिमी, तर गुणोत्तर ०.५३ येते. वेटोळ्यांतले अंतर २८ मिमी असेल, तर एक वेटोळे कापल्यावर चाकाशी गाडी २८ नव्हे, जवळपास ५३ मिमी खाली येईल. इंचभर उतरवायला निघालेल्या माणसाची गाडी दोन इंच उतरते ती इथे. त्याच उदाहरणात अर्धे वेटोळे कापले, तर घट २६ मिमीच्या आसपास राहते, आणि स्प्रिंगला आठ काम करणारी वेटोळी असतील, तर कडकपणा साडेसहा-सात टक्क्यांनीच वाढतो. एवढी वाढ पाठीला वेगळी जाणवत नाही. पूर्ण वेटोळे कापले, की वाढ १४ टक्क्यांवर जाते आणि पल्लाही संपतो.

कापायचेच असेल, तर गॅस कटर न वापरता कटिंग व्हीलने, पाणी मारत कापावे, दोन्ही बाजू एकाच माणसाने एकाच बैठकीत कापाव्यात आणि उघड्या टोकाकडूनच कापावे. घासून सपाट केलेले टोक कापले, तर स्प्रिंगची बैठक जाते. स्प्रिंग काढताना गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरावा, आणि शेजारी दुसरा माणूस असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. दाबलेली स्प्रिंग सुटली, तर हात जायबंदी होतो.

तरीही मी कापण्यापेक्षा वळून घेण्याच्या बाजूचा आहे. मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीत चौकशी केली, तर स्प्रिंगचे काम जाणणारा कारागीर मिळू शकतो, आणि त्याला सांगायचे ते अगदी थोडके आहे: तारेची जाडी मूळ स्प्रिंगइतकीच, वेटोळ्याचा व्यास तोच, काम करणारी वेटोळी तितकीच, टोके तशीच, फक्त मोकळी लांबी कमी. किती कमी, तर चाकाशी हवी असलेली घट गुणिले आर्मचे गुणोत्तर. म्हणजे वरच्या उदाहरणात २५ मिमीसाठी सुमारे १३ मिमी. अशी स्प्रिंग मूळ स्प्रिंगइतकीच मऊ राहते. सोबत दोन मागण्या आग्रहाने कराव्यात. घडल्यावर शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक छर्‍यांचा मारा) व्हावे, आणि कारखान्यातच स्प्रिंग काही वेळा पूर्ण दाबून तिची सुरुवातीची बैठक काढून घ्यावी, म्हणजे ती नंतर गाडीखाली बसत जाणार नाही. बसवल्यावर गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण खाली लोंबकळू द्यावे आणि स्प्रिंग ताटात घट्ट आहे ना, ते हाताने हलवून पाहावे. सैल स्प्रिंग पहिल्याच मोठ्या खड्ड्यात जागा सोडते.

पुढची बाजू मऊ ठेवण्याचा आग्रह केवळ हौसेचा नाही. उभ्या गाडीच्या भाराने स्प्रिंग जितकी अधिक दबते, तितकी गाडी संथ झुलते. चाकाशी मोजलेले हे दबणे १५० मिमी असेल, तर सेकंदाला सुमारे १.३ वेळा, १०० मिमी असेल, तर १.६ वेळा. माणसाला सोसवते ते साधारण एक ते दीडच्या आसपासचे झुलणे. रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये आलेल्या मॉरिस ओली यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिले, की पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी संथ झुलली पाहिजे. उंचवट्यावर पुढचे चाक आधी चढते आणि मागचे नंतर. ताशी ६० किलोमीटर वेगाला पद्मिनीत हे अंतर सुमारे ०.१४ सेकंदाचे असते. मागची बाजू किंचित चपळ असली, तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी लवकर सपाट होते. फक्त पुढच्या स्प्रिंग कडक केल्या, की हा मेळ बिघडतो आणि हालोल रस्त्यावर गाडी होडीसारखी पुढे-मागे डोलू लागते. अशा डोलण्याला अनेक जण शॉक गेल्याचे लक्षण समजतात.

गुटका आणि शॉक

नवी स्प्रिंग चढवण्याआधी एक काम करावे, जे जवळजवळ कोणीच करत नाही. स्प्रिंग बाहेर असताना, शॉक जागेवर ठेवून, खालचा आर्म जॅकने अगदी हळू वर उचलावा आणि कोणती गोष्ट कोणत्या उंचीला टेकते ते खडूने लिहीत जावे: गुटका कधी टेकला, शॉक कधी तळाला लागला, टायर मडगार्डला किंवा ब्रेकच्या नळीला कधी लागला. हा क्रम बरोबर असला पाहिजे. सर्वात आधी गुटका, आणि तो चांगला दबल्यानंतरही शॉकमध्ये निदान १० मिमी दांडा शिल्लक. शॉक आधी तळाला लागत असेल, तर तो कितीही महाग असला, तरी काही महिन्यांत तेल गाळू लागेल, आणि 'शॉक टिकत नाहीत' या तक्रारीचे मूळ तिथेच सापडेल. उपाय म्हणजे बंद असतानाची लांबी कमी असलेला शॉक निवडणे. कडक शॉक निवडून काही साधत नाही: स्प्रिंग मूळ कडकपणाची असेल, तर शॉकही मूळ ताकदीचाच हवा, आणि ती १४ टक्के कडक झाली असली, तरी शॉकची ताकद साधारण सात टक्क्यांनी वाढवणे पुरते.

गुटक्याच्या बाबतीत थोडे थांबावे लागेल. पल्ला वाढवण्यासाठी गुटक्याचे टोक कापून टाकण्याचा सल्ला दिला जातो, पण निमुळते टोक हाच त्याचा मऊ भाग असतो. ते गेले, की उरतो तो टणक बुंधा, आणि आपटणे थोडे उशिरा पण जास्त जोरात होते. कापायचा असेल, तर बुंध्याकडून कापावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे आधुनिक छोट्या गाड्यांत मिळणारा सच्छिद्र पॉलियुरेथेनचा बंप स्टॉप. टणक रबर दबले, की बाजूला फुगते आणि लगेच अडते. सच्छिद्र गुटका मात्र आपल्या लांबीचा मोठा हिस्सा दबून शोषून घेतो, त्यामुळे तो लवकर टेकला, तरी दणका न देता हळूहळू आवळत जातो. त्यात भोक असते, त्यातून बोल्ट घालून खाली पितळी किंवा लोखंडी वायसर देता येतो. तो बसवल्यावर शाडूची परीक्षा पुन्हा करावी.

स्प्रिंगला हात न लावता गाडी खाली घेण्याचा मार्ग टायरचा आहे. १५५/८० आर १४ ऐवजी १६५/६५ आर १४ बसवला, तर चाकाची त्रिज्या सुमारे १७ मिमीने घटते आणि वरचा पल्ला जसाच्या तसा राहतो. मात्र टायरची बाजू उथळ झाल्याने छोटे खड्डे जास्त बोचतात, स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवतो, आणि जुन्या अरुंद रिमवर तो टायर चालतो की नाही हे आधी पाहावे लागते. स्टीअरिंग नकल (ज्यावर पुढचे चाक बसते आणि वळते तो भाग) कापून-जोडून चाक वर घेण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. त्या भागावर वेल्डिंग होता कामा नये.

उंची बदलल्यावर ज्या गोष्टी राहून जातात

रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळले जातात, आणि गाडी खाली उतरली की रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. मग तेच बुश जादा स्प्रिंगसारखे काम करतात, गाडी आणखी कडक वाटते आणि काही महिन्यांत रबर फाटते. बोल्ट फक्त अडकवून ठेवावेत, गाडी चाकांवर आणून थोडी दाबून-हलवून घ्यावी आणि मग त्याच उंचीला ते आवळावेत. वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या अँटी-रोल बारच्या जोडण्यांनाही हाच नियम लागू आहे.

पुढची बाजू ३० मिमी खाली गेली, तर २.३४ मीटर लांबीवर गाडीचा कल सुमारे पाऊण अंशाने बदलतो. तेवढाच कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे असलेला कल) कमी होतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपणहून परतण्याची ओढ मंदावते, म्हणून अलाइनमेंटला नेल्यावर टो-इन (चाकांच्या पुढच्या कडांचा आतला कल) आणि कँबरसोबत (चाकाचा उभा कल) कॅस्टरही पाहायला सांगावे. हेडलाइटचा झोतही दहा मीटरवर सुमारे १३ सेंटिमीटर खाली पडतो. तो भिंतीवर खूण करून पुन्हा बसवावा, नाहीतर रात्री समोरचा खड्डाच दिसणार नाही.

कागदपत्रांचाही विचार करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ मध्ये नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई आहे, आणि २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतली विंटेज नोंदणी हवी असेल, तर चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेले चालत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जे प्रदर्शन भरले होते, तशा ठिकाणी गाडी मांडायची असेल, तर तिचे मूळ रूपच पाहिले जाते. चासीला वेल्डिंग वा भोक न पाडता, केवळ स्प्रिंग, गुटका आणि शॉक बदलून केलेले काम एका दिवसात मागे घेता येते, म्हणून मूळ स्प्रिंग तेलाचा हात फिरवून, डावी-उजवी लिहून जपून ठेवाव्यात.

साधारण ५०० किलोमीटर चालल्यावर चारही उंची पुन्हा मोजाव्यात. दोन्ही बाजू सारख्याच दोन-चार मिलिमीटर बसल्या असतील, तर काळजी नाही. डाव्या-उजव्यात सहा-सात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर आधी स्प्रिंगची टोके खाचेत आहेत का ते पाहावे, मग दोन्ही स्प्रिंगची अदलाबदल करून पुन्हा मोजावे: फरक स्प्रिंगबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर स्प्रिंग नाकारून कारागिराकडे परत द्यावी, आणि जागेवरच राहिला, तर ताट, बुश किंवा त्याच बाजूचा मागचा पाटा तपासावा.